नऊ पूर्णांक तीन

दुर्योधन कापगते सव्वीस वर्षं
लंबकाला दोरा बांधत आलाय.
गाठ अशी की गोळी निसटत नाही,
आणि सोडायची म्हटली तर दातांनीही सुटत नाही.
मी इथे तीन वर्षं, तासिका तत्त्वावर.
माझी गाठ अजून कुठेच बसलेली नाही.

यंदा विद्यापीठाकडून अर्जुनीला खोकी आली :
अकरा टॅब, एक प्रोजेक्टर, पासवर्डची चिठ्ठी.
पडद्यावर लंबक झुलतो.
त्याला वारा लागत नाही,
पंख्याचा नाही, खिडकीतून
भातगिरणीचा कोंडा घेऊन येतो तोही नाही.
एक बोट लावलं की दोरी वाढते,
दुसरं लावलं की लंबक चंद्रावर.
पोरं हसली. चंद्रावर दोनदा जाऊन आली.
मग एकवीस वह्यांत एकवीस वेळा
नऊ पूर्णांक आठ.
तपासताना वाटलं, सगळे एकाच ताटात जेवलेत.

दुर्योधन दाराशी उभा होता.
"मंग माह्या दोऱ्याचं का करू जी?"
ठेवा कपाटात, म्हटलं मी.
त्यानं रीळ खिशात टाकलं.

दुपारी वीज गेली आणि मी बोलून बसले :
तुमच्या फोनच्या पोटात एक इवलासा मापक असतो,
हलणं, कलणं, थरथरणं, सगळं लिहून ठेवतो.
घरी जा. झुलणारं काहीतरी शोधा. मोजा.

डिलेश लांजेवारनं फोन विहिरीच्या बादलीला बांधला.
त्याचा अहवाल अजून विहिरीत आहे.

त्रिशीला मेश्रामनं बहिणीच्या बाळाचा झोका घेतला,
जुन्या लुगड्याचा, पडवीतल्या बांबूला बांधलेला.
आधी आत तीन किलो तांदूळ आणि फोन :
नऊ पूर्णांक सात.
मग बाळ, आणि पायाशी फोन :
नऊ पूर्णांक तीन.
पुन्हा मोजलं, पुन्हा तीन.
लांबी दोन्ही वेळा नीट, भाराच्या मध्यापर्यंत.
चौथ्या वेळी बाळानं फोन लाथाडला,
आलेखावर शिंग उगवलं.
तिनं ते खोडलं नाही, शेजारी लिहिलं :
"जागा झाला."

त्यांच्या गावात रेंज
पाण्याच्या टाकीच्या सातव्या पायरीवर मिळते.
तिथे उभं राहून तिनं आकडा भरला.
चौकट लाल झाली.
नऊ पूर्णांक सहा ते दहा,
एवढंच त्या चौकटीच्या घशाखाली उतरतं.
तिला आठ टाकता आला असता.
अंधारात टाकीवर कोण बघतंय?

सकाळी माझ्या टेबलाशी :
"म्याडम, मी नाई चुकली. बांबू लवते."
तिनं बांबूवर खडूची खूण केली होती,
आणि फोनचा कॅमेरा मंद करून
ती खूण डावी-उजवीकडे सरकताना पाहिली होती.
तांदळानं थोडी, बाळानं जास्त.
टांगायची जागाच हलते,
म्हणून झोका सावकाश जातो,
म्हणून उत्तर कमी येतं.

हे मी शिकवलं नव्हतं.
खरं सांगायचं तर लगेच कळलंही नाही.
मान डोलावली, घरी गेले,
आणि दार लावून पुस्तक उघडलं.

विद्यापीठाला कळवलं.
दोन ओळींचं उत्तर आलं :
"कृपया योग्य मूल्य भरावे."
चौकट अजून लाल आहे.
गुण कुठे लिहायचे, मला ठाऊक नाही.

आज प्रॅक्टिकलला गेले तर
दोन टेबलांमध्ये हिरवा बांबू आडवा,
टॅब एका रांगेत चार्जिंगला,
आणि दुर्योधन स्टुलावर चढलेला,
दातांत दोरा, खिशाला खडूचे डाग.
खाली त्रिशीला फोन धरून.
"पातळ बांबूही आनला हाये," तो म्हणाला,
"आधी कोनता लवते ते पाहू."
माझ्याकडे कुणी बघितलं नाही.
मी मागच्या बाकावर बसले,
वही उघडली,
आणि डिलेशकडे पेन मागितलं.